इंग्रजीतले चांगल्या स्वभावाचे शब्द आणि त्यांचे सरकलेले अर्थ : कॅन्डर, गुड-नेचर, गुड-ह्यूमर, काइंड

मुळाक्षर

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी वाचताना अवघड शब्दांचा त्रास कमी होतो, कारण तिथे आपण थांबतो आणि कोश उघडतो. ओळखीचा शब्द आला की न थांबता पुढे जातो, आणि नेमकी तिथेच चूक होते. माणसाच्या मनाचा चांगुलपणा सांगणारे शब्द यात सगळ्यात पुढे आहेत. मराठीत भाषांतर करणाऱ्यांना आणि एम.ए.च्या विद्यार्थ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा धागा. जमेल तितकं सालासकट आणि उदाहरणासकट लिहू.

सुरुवात कॅन्डरपासून. आज कॅन्डर म्हणजे स्पष्टवक्तेपणा. समोरच्याला आवडो न आवडो, खरं ते तोंडावर सांगणं. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या कोशात मात्र या शब्दापुढे पहिलाच अर्थ आहे स्वभावाचा गोडवा. त्यामागोमाग मनाची शुद्धता, मोकळेपणा, दयाळूपणा. कॅन्डिड या विशेषणाचा अर्थ तो देतो : मनात आकस नसलेला, दोष काढायची हौस नसलेला. मूळ लॅटिन शब्द शुभ्रतेचा आहे. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा पांढराशुभ्र टोगा घालायचा, म्हणून तो ‘कॅन्डिडेट’.

जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (1813) चौथ्या प्रकरणात एलिझाबेथ आपल्या बहिणीला, जेनला, म्हणते की कॅन्डरचा आव आणणारे जागोजागी भेटतात; पण कसलाही देखावा न करता कॅन्डिड असणं, म्हणजे प्रत्येकाच्या स्वभावातलं चांगलं तेवढं घ्यायचं, ते आणखी चांगलं करून सांगायचं आणि वाईटाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हे फक्त तुलाच जमतं. इथे ‘स्पष्टवक्तेपणा’ लिहिलं तर वाक्य उलटं होतं. जेन ही त्या कादंबरीतली सगळ्यात कमी स्पष्ट बोलणारी मुलगी आहे. माझ्या मते या जागी मराठीत ‘गुणग्राहकता’ बसते, किंवा सरळ ‘दुसऱ्याचं चांगलंच पाहणारं मन’.

अर्थ का सरकला, त्याची वाटही दिसते. 1777 साली लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात शेरिडनचं ‘द स्कूल फॉर स्कँडल’ रंगमंचावर आलं. त्यातली मिसेस कॅन्डर प्रत्येकाची बाजू घेते आणि बाजू घेता घेता त्याची बदनामी गावभर पसरवते. तिचं नाव प्रेक्षकांना कळत होतं ते कॅन्डर म्हणजे दुसऱ्याबद्दल बरं बोलणं हा अर्थ अजून जिवंत होता म्हणून. पुढे 1798 मध्ये जॉर्ज कॅनिंगने ‘न्यू मोरॅलिटी’ या कवितेत देवाकडे मागणं मागितलं की इतर कुठलीही पीडा दे, पण या कॅन्डिड मित्रापासून वाचव. हा मित्र आपल्या भल्याचं नाव पुढे करून आपले दोष मोजतो. एकवीस वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या या दोन ओळखी शेजारी ठेवल्या की शब्दाची कूस कशी बदलली ते दिसतं. चांगुलपणाचा शब्द आधी ढोंगी माणसाच्या तोंडी गेला, आणि ढोंगाने जे केलं तोच पुढे शब्दाचा अर्थ झाला.

शब्दसखी

छान सुरुवात. कॅन्डरबद्दल कामाची भर घालते.

अठराव्या शतकातल्या पुस्तकांच्या प्रस्तावना पाहा. लेखक हटकून वाचकाच्या कॅन्डरवर भरवसा ठेवतो, ‘कॅन्डिड रीडर’ला हाक मारतो. तो वाचकाला ‘परखड मत द्या’ असं सांगत नसतो. चुका पोटात घाला, सहृदयतेने वाचा, अशी ती विनंती असते. ‘सहृदय वाचक’ हा आपल्याकडचा शब्दप्रयोग तिथे अगदी चपखल आहे.

अमेरिकेच्या 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातही राजाचे अन्याय मांडण्याआधी ‘कॅन्डिड जगापुढे’ ही तथ्यं ठेवतो असं वाक्य आहे. तिथे अर्थाचं दुसरं अंग पुढे आहे : पूर्वग्रह नसलेलं, निःपक्ष जग. स्पष्टवक्तं जग म्हटलं तर वाक्याला अर्थच उरत नाही, कारण जगाने तिथे बोलायचं नाही, ऐकून न्याय करायचा आहे.

ओळखायची खूण अशी. कॅन्डर कोणाकडे आहे ते पाहा : बोलणाऱ्याकडे की ऐकणाऱ्या-वाचणाऱ्याकडे? जुना अर्थ बहुतेक वेळा न्याय करणाऱ्याच्या बाजूला असतो, नवा अर्थ बोलणाऱ्याच्या. नंतर आजूबाजूचे शब्द बघा. शेजारी उदारता, क्षमा, चुका, दोष असे शब्द असतील तर जुना. कबुली, सत्य, उघड असे असतील तर नवा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही अर्थ एकाच वेळी चालू होते, त्यामुळे नुसतं साल पाहून निकाल लावू नये.

दक्षिणवारा

मुळाक्षर, कॅन्डरची वाट पटली. पण धाग्याचा सूर ‘चांगले शब्द बिघडत गेले’ असा होऊ नये. उलट दिशेने चढलेले शब्दही तितकेच आहेत, आणि त्यांचं मूळ मराठी माणसाला फार जवळचं आहे.

काइंड घ्या. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ जन्मजात, नैसर्गिक. नाम म्हणून अर्थ निसर्ग, जात, कूळ. म्हणूनच आजही काइंड म्हणजे ‘प्रकार’ आणि मॅनकाइंड म्हणजे मनुष्यजात. किन म्हणजे नातलग हा त्याच घरातला. जेंटल म्हणजे मुळात कुलीन, लॅटिन ‘जेन्स’ म्हणजे कूळ यावरून. जेनेरस म्हणजेही चांगल्या घराण्यातला. बिनाइनमध्ये ‘चांगला’ आणि ‘जन्म’ असे दोन तुकडे आहेत. नेचर हा शब्द लॅटिनमधल्या ‘जन्मणे’ या क्रियापदावरून. या सगळ्यांच्या मुळाशी इंडो-युरोपीय भाषांचा तोच धातू आहे जो संस्कृतात ‘जन्’ म्हणून राहिला : जन्म, जन, जनक, जात. डेबोनेर याच धातूचा नाही, पण जुन्या फ्रेंचमधला त्याचा अर्थही तोच, चांगल्या वाणाचा.

म्हणजे कूळ सांगणाऱ्या शब्दांची एक मोठी रांगच मायाळूपणाकडे चालत गेली. माणूस आपल्या रक्ताच्या माणसाशी जसा वागतो तसं वागणं ते ‘काइंड’, आणि मग तसं कोणाशीही वागणं ते ‘काइंड’. मराठीत ‘जात्याच हुशार’ म्हणतो त्यातला ‘जात्याच’ आणि सहज मधला ‘ज’ आठवला की जुना काइंड लगेच समजतो.

फसण्याच्या जागा दोन. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाच्या 1662 च्या आवृत्तीतली ‘काइंडली फ्रूट्स ऑफ द अर्थ’ म्हणजे जमिनीची दयाळू फळं नव्हेत. त्या त्या जमिनीत, त्या त्या ऋतूत स्वभावतः येणारं पीक. आणि शेक्सपिअरच्या हॅम्लेटचं पहिलंच वाक्य : नात्याने जरा जास्त, पण काइंडने कमी. काका आता सावत्र बापही झाला म्हणून नातं दुप्पट. पण काइंडमध्ये ‘माझ्या जातकुळीचा’ आणि ‘माया करणारा’ हे दोन्ही अर्थ एकदम आहेत. भाषांतरात एकच घेतला तर निम्मं वाक्य जातं. ‘नातं वाढलं, पण आपलेपणा नाही’ इथे ‘आपलेपणा’ दोन्ही बाजू बऱ्यापैकी सांभाळतो. त्याच हिशेबाने किंग लिअरमध्ये मुलींना ‘अनकाइंड’ म्हटलंय ते नुसत्या निष्ठुर म्हणून नव्हे. पोटच्या मुलीला न शोभणाऱ्या, निसर्गाविरुद्ध वागणाऱ्या म्हणून.

मुळाक्षर

@दक्षिणवारा, मान्य. ‘बिघडले’ हा शब्द मी सरसकट लावणार नाही. तरी एक फरक मला दिसतो. कुळावरून आलेले शब्द वर चढले, कारण कुळाची अट गळून पडली आणि गुण तेवढा उरला. चारचौघांतल्या वागणुकीवरून आलेले शब्द, कॅन्डरसारखे, खाली किंवा आडवे गेले, कारण वागणुकीचं सोंग घेता येतं. डेबोनेर मात्र तुमच्या रांगेतून फुटलेला दिसतो. मध्ययुगात त्याचा अर्थ नम्र, सौम्य. सॅरम पद्धतीच्या, म्हणजे मध्ययुगीन इंग्लंडमधल्या चर्चच्या, विवाहविधीत वधू ‘बोनेर आणि बक्सम’ राहीन अशी शपथ घेते. बोनेर हे डेबोनेरचंच आखूड रूप, आणि बक्सम म्हणजे तेव्हा ऐकणारी, वळणारी. आज डेबोनेर म्हणजे रुबाबदार, छानछोकी पुरुष, आणि बक्सम म्हणजे भरल्या अंगाची स्त्री. एका शपथेतले दोन स्वभावगुण, दोन्ही आता दिसण्याचे शब्द झाले.

पानोपानी

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गुड-नेचर आणि गुड-ह्यूमर यांची जोडी. आज दोन्हींचं भाषांतर ‘खेळकर’ किंवा ‘चांगल्या स्वभावाचा’ असं एकच होतं. अठराव्या शतकात हे दोन वेगळे गुण होते, आणि लोक त्यावर हिरिरीने लिहीत होते.

ॲडिसनने ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकाच्या 169 व्या अंकात (13 सप्टेंबर 1711) गुड-नेचरवर अख्खा निबंध लिहिला. गुड-नेचर म्हणजे मनातली खरी माणुसकी. ती सगळ्यांकडे नसते, म्हणून जगाने तिची नक्कल शोधून काढली, तिचं नाव गुड-ब्रीडिंग म्हणजे शिष्टाचार, असं त्याचं म्हणणं.

हेन्री फील्डिंगने 1743 साली माणसांच्या स्वभावाची पारख कशी करावी यावर निबंध लिहिला, त्यात जोडीची फोड अगदी धारदार आहे. गुड-नेचर म्हणजे दुसऱ्याचं दुःख जाणवणं आणि दुसऱ्याच्या सुखाने सुखावणं. गुड-ह्यूमर म्हणजे स्वतःच्या सुखाकडे पाहून मनाला चढलेला उल्हास, तोही कदाचित दुसऱ्याचं सुख आपल्यापेक्षा कमी आहे हे पाहून. म्हणजे गुड-ह्यूमर असलेला माणूस मनाने कोरडा असू शकतो.

जॉन्सनचं चरित्र लिहिणाऱ्या बॉझवेलने 18 एप्रिल 1775 च्या नोंदीत जॉन्सनशी घोडागाडीत झालेलं बोलणं दिलं आहे. जॉन्सन म्हणाला, मी स्वतःला गुड-ह्यूमर्ड समजतो. बॉझवेलने तिथल्या तिथे दुरुस्ती केली : छे, तुम्ही गुड-नेचर्ड आहात, गुड-ह्यूमर्ड नाही; तुम्ही चिडता. हे वाक्य दोन्हीकडे ‘चांगल्या स्वभावाचा’ असं लिहून मराठीत आणताच येत नाही. माझा पर्याय : ‘तुम्ही मनाचे चांगले आहात, पण हसतमुख नाही.’ याच प्रसंगात जॉन्सन ‘कॉम्प्लेसन्सी’ने हसला असं आहे. तिथे आजची बेफिकिरी आणू नका. समाधानाने हसला एवढंच.

हाच फरक घेऊन ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ पुन्हा वाचा. पंधरा वर्षांच्या लिडियाचा चेहरा गुड-ह्यूमर्ड आहे असं लेखिका सांगते. नायक डार्सीबद्दल त्याच्या पेंबर्ली वाड्याचं घरकाम सांभाळणारी बाई म्हणते की लहानपणी जे गुड-नेचर्ड असतात ते मोठेपणीही तसेच राहतात. लिडिया हसरी आहे पण तिला कोणाचं दुःख कळत नाही. डार्सी चारचौघांत आखडलेला, पण माणसांसाठी झटतो. सबंध कादंबरी या दोन शब्दांच्या अंतरावर उभी आहे असं मला मनापासून वाटतं. मराठीत दोघांनाही ‘सुस्वभावी’ म्हणणं म्हणजे लेखिकेने जपून आखलेली रेघ पुसणं.

शब्दसखी

पानोपानी, जोडी उत्तम मांडलीत. एक सावधगिरी. फील्डिंगची व्याख्या सगळ्या शतकाची म्हणून लावू नका. सातच वर्षांनी, 1750 मध्ये, जॉन्सनने ‘रॅम्बलर’ या आपल्या नियतकालिकाच्या 72 व्या अंकात गुड-ह्यूमरची बाजू घेतली. त्याच्या लेखी ती प्रसन्न राहण्याची सवय आहे : वागण्यातला कायमचा मऊपणा, कोणालाही सहज जवळ येता येईल असं असणं, उल्हास आणि बेफिकिरी यांच्या मधली अवस्था. त्यात दुसऱ्याला बरं वाटावं हा हेतूही आहे. म्हणून प्रत्येक लेखकाचं वापरणं वेगळं तपासायचं. फरक होता हे सगळे मान्य करतात. रेघ कुठे, यावर मतभेद.

आता ह्यूमर हा शब्द मुळात द्रव. ग्रीक-रोमन वैद्यकात शरीरात चार द्रव मानले : रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त. त्यांच्या मिसळीचं प्रमाण म्हणजे टेम्परामेंट किंवा कॉम्प्लेक्शन. रक्त जास्त तो सँग्विन, उमेदीचा. कफ जास्त तो फ्लेग्मॅटिक, थंड. पिवळं पित्त जास्त तो कॉलरिक, तापट. काळं पित्त जास्त तो मेलँकॉलिक. नाटककार बेन जॉन्सनचं (कोशकार जॉन्सन वेगळा) ‘एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर’ 1598 चं. तिथे ह्यूमर म्हणजे स्वभावाची एकांगी खोड, विनोद नव्हे.

मराठीत आयुर्वेदाचे शब्द हाताशी असल्याने ह्यूमरला ‘दोष’ लिहायचा मोह होतो. टाळावा. दोष तीन आणि हे द्रव चार. रक्त आपल्याकडे दोषांत नाही, धातूंत आहे, आणि वाताला तिकडे जोडीदार नाही. द्रवांना ‘शरीरद्रव’ म्हणावं आणि टेम्परामेंटला ‘प्रकृती’. प्रकृती शब्दात शरीर आणि स्वभाव दोन्ही येतात, हे मोठं सोयीचं आहे.

टेम्पर हाही मिसळीचाच शब्द. टेम्पर म्हणजे योग्य मिश्रणातून आलेला मनाचा तोल. म्हणून ‘लूज टेम्पर’ म्हणजे तोल जाणं आणि ‘कीप टेम्पर’ म्हणजे तोल राखणं. आज नुसतं ‘टेम्पर’ म्हटलं की रागच समजला जातो. एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ वाक्प्रचारांत शेजारी शेजारी नांदतात. जुन्या मजकुरात ‘ही हॅड टेम्पर’ असं दिसलं तर आधी ‘शांतपणा’ लावून पाहा, मग राग.

कोशवाट

तपासायची पद्धत लिहितो, कारण साधनं सर्वांच्या हाताशी आहेत पण त्यांत खड्डे आहेत.

आधी मजकुराचं साल ठरवा, आणि ते लेखनाचं साल असू द्या, हातातल्या आवृत्तीचं नको. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ छापली 1813 ला, पण पहिला खर्डा 1796-97 चा. मग त्या काळाचा कोश. अठराव्या शतकासाठी जॉन्सन. 1755 आणि 1773 या दोन्ही आवृत्त्या जालावर शोधता येतात. त्यानंतर ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश. त्यात अर्थांचा क्रम इतिहासाचा असतो : पहिला अर्थ म्हणजे सगळ्यात जुना, सगळ्यात रूढ नव्हे. पहिला दिसला तो उचलला, ही नेहमीची चूक. प्रत्येक अर्थाखाली सालवार उतारे असतात. तुमच्या लेखकाच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन तरी वाचा. अर्थ लोपला असेल तर तशी खूण असते.

एन-ग्रॅमच्या, म्हणजे छापील पुस्तकांत एखादा शब्द कोणत्या साली किती वेळा आला ते दाखवणाऱ्या, आलेखांवर पुष्कळ जण विसंबतात. त्यात काय चुकतं ते पाहा. 1800 च्या आधीच्या छपाईत शब्दाच्या मधला ‘एस’ लांब असायचा, दिसायला ‘एफ’सारखा. यंत्राने तो बऱ्याचदा ‘एफ’ वाचला. त्यामुळे ‘काइंडनेस’चा आलेख 1800 च्या सुमारास एकदम उसळी मारतो, आणि लोक त्यावरून इंग्रज समाज अचानक दयाळू झाल्याचे निष्कर्ष काढतात. ती उसळी बरीचशी छापखान्याची आहे. ‘कॅन्डर’, ‘कॅन्डिड’, ‘गुड-नेचर’ यांत ‘एस’ नाही, म्हणून ते या खड्ड्यातून सुटतात.

दुसरं, त्या काळी नामं मोठ्या अक्षराने छापत. लहान-मोठ्या अक्षरांचा भेद बंद करूनच शोधा. तिसरं, ‘कॅन्डर’ आणि ‘ह्यूमर’ची ब्रिटिश व अमेरिकी स्पेलिंगं वेगळी, अधिकचं चिन्ह देऊन दोन्ही एकत्र मोजा. चौथं, जुन्या पुस्तकांची नवी मुद्रणं नव्या सालात मोजली जातात, त्यामुळे मेलेला अर्थ आलेखावर जिवंत दिसतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट : आलेख शब्द मोजतो, अर्थ मोजत नाही. कॅन्डर किती वेळा आला ते कळेल, कोणत्या अर्थाने ते कळणार नाही. त्यासाठी उतारेच वाचावे लागतात. एका दशकातले 20-25 उतारे काढून वर शब्दसखींनी दिलेली खूण लावली तरी चित्र बरंच स्पष्ट होतं.

दक्षिणवारा

मुळाक्षरांच्या ‘वागणुकीचे शब्द’ या गटात तीन थोडक्यात.

ऑफिशस : आज लुडबुड्या. जॉन्सनच्या कोशात पहिला अर्थ दयाळू, मदतीला धावणारा. दुसरा अर्थ आगाऊ. लंडनच्या गरिबांवर उपचार करणारा त्याचा सोबती रॉबर्ट लेव्हेट 1782 साली वारला, तेव्हा लिहिलेल्या कवितेत जॉन्सनने त्याला ऑफिशस म्हटलं, आणि ती स्तुती आहे. ‘सेवातत्पर’ म्हणावं.

कॉन्डिसेन्शन : आज कमी लेखून केलेली कृपा. तेव्हा मोठ्या माणसाने आपला मोठेपणा बाजूला ठेवून बरोबरीने वागणं. 1611 च्या बायबलमध्ये, रोमकरांस पत्राच्या 12 व्या अध्यायात, दीनांशी असं वागा असा उपदेश आहे. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधला पाद्री मिस्टर कॉलिन्स आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरिनच्या कॉन्डिसेन्शनची वाखाणणी करतो ती त्याच अर्थाने, पूर्ण श्रद्धेने.

पिटिफुल : आज केविलवाणा. त्याच बायबलमध्ये, याकोबाच्या पत्रात, प्रभू ‘व्हेरी पिटिफुल’ आहे, अर्थ करुणामय. दया करणाऱ्याचा शब्द दया यावी अशा माणसाकडे गेला.

नवपालवी

माहितीपूर्ण धागा. दोन प्रश्न. ‘नाइस’ या यादीत येतो का? आणि आपल्या कचेऱ्यांतल्या पत्रांमध्ये ‘काइंडली’ लिहितात, ते जुनं इंग्रजी आहे का?

शब्दसखी

नाइस थोडा बाजूचा. लॅटिनमध्ये अजाण, 1300 च्या सुमारास इंग्रजीत मूर्ख, मग नाजूक-चोखंदळ, मग काटेकोर, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात छान. स्वभावाचा शब्द तो बराच उशिरा झाला. ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे बारीक भेद, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. सिली मात्र यादीत हवाच : जुन्या इंग्रजीत सुखी, धन्य, मग निष्पाप, मग बिचारा, मग मूर्ख. ‘सिली शीप’ म्हणजे गरीब बिचारी मेंढरं. आपल्या ‘भोळा’ शब्दाला जी उतरण आहे तीच.

काइंडलीबद्दल : विनंतीतला काइंडली म्हणजे ‘कृपा करून’, आणि भारतीय कार्यालयीन इंग्रजीत तो अजूनही आदराचा आहे. ब्रिटनमध्ये मात्र आता तो बऱ्याचदा कडक लागतो. ‘काइंडली लीव्ह’ म्हणजे जवळजवळ हाकलणं. पुण्या-मुंबईहून तिकडे पत्र लिहिताना साधं ‘प्लीज’ वापरावं.

कोशवाट

मराठीच्या बाजूने एक शेवटची भर, कारण याचा फटका उलटाही बसतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा, दुसरी आवृत्ती 1857 ची. मोल्सवर्थ-कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 चा. जुन्या मराठी शब्दाचा अर्थ पाहायला आपण मोल्सवर्थ उघडतो आणि त्यातलं इंग्रजी आजच्या अर्थाने वाचतो. ते इंग्रजीही पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं आहे. स्वभावाच्या नोंदीत कॅन्डिड, टेम्पर, ऑफिशस, सिंपल, कॉन्डिसेन्डिंग असं काही दिसलं तर तिथेच न थांबता तो इंग्रजी शब्द 1847 च्या कोशात उलटा शोधा. त्याच्यापुढे दिलेले मराठी शब्द आदराचे आहेत की तुच्छतेचे, त्यावरून कोशकारांच्या मनातला अर्थ कळतो. दोन्ही कोश एकाच परंपरेतले असल्याने ही पडताळणी भरवशाची आहे.

पानोपानी

@कोशवाट, ही उलटी पडताळणी उत्तम. मी त्यात एक पायरी वाढवेन : 1847 च्या कोशात गुड-नेचर आणि गुड-ह्यूमर या दोन्ही नोंदी शेजारी उघडून कोणते मराठी शब्द दोन्हीकडे आहेत आणि कोणते एकाकडेच आहेत ते वेगळे लिहून काढायचे. भाषांतराला उपयोगी पडतात ते एकाकडेच असलेले.